टाच मोकळी, चवडा घट्ट : स्नोशूबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात हिवाळी ट्रेकबद्दल लिहिताना मी स्नोशूवर चारच ओळी लिहिल्या होत्या. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधतात ती रुंद चौकट म्हणजे स्नोशू, आणि बूट तिच्यात नीट बसवला नाही तर ती न घातलेली बरी, एवढंच. त्या शेवटच्या वाक्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. आपल्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, तरी एवढे प्रश्न कसे हे वाचता वाचताच कळत गेलं, कुणाची लेक कॅनडात आहे, कुणाचा पोरगा जर्मनीत, कुणी स्वतः जानेवारीत उत्तराखंडला निघालंय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, जे घेतलेत त्यांची उत्तरं जमेल तेवढी सविस्तर दिलीत.

लातूरहून एक आई लिहितात : दादा, माझी मुलगी ओटावाला शिकायलीय. मैत्रिणींसोबत बर्फात फिरायला जाते म्हणून तिनं स्नोशू घेतले, पण तिचा बूट त्यातनं सारखा निसटायलाय. पुढं पट्टे आहेत पण टाच काही खाली बांधलेली नसते, नुसती वरखाली होते. म्हणून तिनं दोरी घेऊन टाच पण खालच्या फळीला बांधून टाकली, तर दोनदा तोंडावर पडली. व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं तर मला पण वाटलं की टाच बांधायलाच पाहिजे. काय चुकतंय सांगा, जीवाला घोर लागलाय.

ताई, आधी ती दोरी सोडायला सांगा, आजच फोन करून.

टाच मोकळी असते ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. आपण चालतो कसं बघा, मागचा पाय उचलायच्या वेळी आधी टाच उचलते, मग सगळा भार चवड्यावर येतो आणि चवडा जमीन मागं रेटतो. आता पायाखाली दोन फूट लांबीची चौकट आहे आणि टाच तिला बांधलेली आहे म्हटल्यावर टाच उचलली की चौकटीचं शेपूट पण उचलणार, पुढचं टोक बर्फात खुपसणार आणि माणूस पुढं कोसळणार. तुमच्या लेकीचं हेच झालंय. म्हणून स्नोशूत चवड्याच्या बरोबर खाली एक आडवी दांडी किंवा जाड पट्टा असतो, दाराला बिजागरी असते तसा, आणि बूट त्या बिजागरीवर पुढं मागं झुलतो. बूट धरून ठेवणारे सगळे पट्टे आणि बक्कल मिळून जे बनतं त्याला बाइंडिंग म्हणतात, ते या बिजागरीला जोडलेलं असतं.

आपल्या पायातली चप्पल आठवा. चप्पल अंगठ्यापाशी आणि चवड्यावर धरलेली असते, टाच फटफट वाजत मोकळी असते, तरी आपण तिच्यावर बाजार करून येतो. स्नोशूचं तत्त्व तेच, फक्त चप्पल मागून निसटू नये म्हणून सँडलसारखा टाचेमागून एक पट्टा येतो. आणि गडबड होते ती याच मागच्या पट्ट्यावरून. लोकांना वाटतं तो टाच खाली दाबायला आहे. तसं नाही, बूट मागं सरकू नये म्हणून आहे. बूट पुढं जायला नको, मागं यायला नको आणि डावीउजवीकडं हलायला नको, या तीन गोष्टी बाइंडिंगनं करायच्या. वर उचलायला मात्र मोकळीक पाहिजे. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपंय.

आता बांधायचं कसं. बुटाची नाडी आधी नीट बांधून घ्यायची, नंतर स्नोशूकडं वळायचं, कारण बुटाच्या आत पाय सैल असेल तर बाहेरून कितीही आवळा उपयोग नाही. बर्फ आत जाऊ नये म्हणून पोटरीवर गेटर घालत असेल तर तेही आधीच. मग डावा कोणता उजवा कोणता ते बघायचं. पुष्कळ जोड्यांवर खूण असते, नसली तर बक्कल आणि पट्ट्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या अंगाला येतील असं बघायचं, आतल्या अंगाला आली की दुसऱ्या पायाच्या स्नोशूत अडकतात. सगळे पट्टे पूर्ण ढिले करायचे, अर्धवट ढिले करून पाय कोंबायचा नाही. पाय ठेवताना चवडा, म्हणजे अंगठ्यामागचा तो फुगीर भाग, बरोबर बिजागरीवर आला पाहिजे. चौकटीला पुढं एक मोकळी खिडकी असते, टाच उचलल्यावर बुटाचं नाक त्या खिडकीतनं खाली जातं. नाक खिडकीच्या पुढच्या कडेला धडकत असेल तर पाय फार पुढं गेलाय, मागं घ्यायचा. चवडा बिजागरीच्या मागं राहिला तर खालचे लोखंडी दाते नीट रुतत नाहीत आणि चढावर पाय मागं घसरतो. मला विचाराल तर पट्टे आवळण्यापेक्षा या जागेला जास्त वेळ द्यावा, कारण जागा चुकली की मग कितीही आवळा, दहा मिनिटांत सैल होतंच.

जागा बसली की बहुतेक पट्ट्यांच्या बाइंडिंगला आधी बोटांजवळचा पट्टा, मग पायाच्या वरच्या फुगवट्यावरचा, आणि शेवटी टाचेमागचा, असं पुढून मागं आवळत यायचं. मागचा पट्टा बुटाच्या टाचेला जी कड किंवा खाच असते तिच्या वर बसवायचा, फार वर घोट्याकडं नेला तर तिथली शीर रगडली जाते. उरलेली टोकं लूपमध्ये खोचायची, लोंबती ठेवायची नाहीत. मग पाय हवेत उचलून टाच डावीउजवीकडं झटकून बघायची, स्नोशूचं शेपूट टाचेबरोबरच वळलं पाहिजे, बूट एकटा आत फिरला तर अजून सैल आहे. आणि पंधरा मिनिटं चालल्यावर एकदा थांबून परत आवळायचं. ही पायरी नव्वद टक्के लोक गाळतात असं मला माझ्या सोबत आलेल्या लोकांवरून वाटतं. सुरुवातीला पट्ट्याखाली बर्फ दबलेला असतो, बूट आणि पट्टे आपापल्या जागी बसायचे असतात, ते बसले की थोडी ढील येतेच.

हलणं कामून इतकं मनावर घ्यायचं ते माझ्यावरच बेतलंय म्हणून सांगतो. औलीला एकदा भाड्यानं घेतलेली जोडी होती, मागचा पट्टा जुना होऊन ताणलेला, मी बघितला आणि चालेल म्हणून तसाच निघालो. सपाटीवर काहीच कळलं नाही. मग उतार आडवा कापायची वेळ आली, म्हणजे डोंगर एका हाताला आणि दरी दुसऱ्या हाताला, तिथं प्रत्येक पावलाला टाच दरीच्या बाजूला घसरून चौकटीच्या बाहेर जायला लागली. घोटा मुरगळला तो तिथंच. परत यायला जो वेळ लागला त्यात अंधार पडला, आणि सोबतच्या दोघांना माझ्यामुळं थंडीत ताटकळावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पट्टा ताणलेला दिसला की मी जोडी बदलून मागतो, कुणी कितीही चालतंय म्हणू द्या.

लेकीला सांगा, बर्फात जायच्या आधी घराजवळच्या हिरवळीवर किंवा साध्या बर्फावर पाच वेळा घालून काढून बघ, आणि हातमोजे घालूनच बघ. थंडीत उघड्या हातानं लोखंडी बक्कल धरायची वेळ यायला नको.

अंबाजोगाईचा एक विद्यार्थी : सर मी जानेवारीत केदारकांठा करायलोय. स्नोशू विकत घेऊ का? आणि माझ्याकडं स्पोर्ट्स शूज आहेत ते चालतील का?

भावा, केदारकांठ्यासाठी स्नोशू विकत घेऊ नको, पैसे वाया जातील. सांकरीतनं, म्हणजे पायथ्याच्या गावातनं, वर जाणारी वाट सीझनमध्ये इतक्या पायांनी तुडवलेली असते की बर्फ दाबून कडक होतो, तिथं रुतायचा प्रश्न नसतो, घसरायचा असतो. त्याला मायक्रोस्पाइक लागतात, बुटावर रबरानं ताणून चढवायची दात्यांची साखळी, ती सांकरीत भाड्यानं मिळते. स्नोशू कुठं लागतात, तर जिथं कुणी चाललेलं नाही असा ताजा खोल बर्फ आहे तिथं. गुलमर्गच्या जंगलात, मनालीच्या वर सेथनला, किंवा परदेशात.

हिशोब करून बघ म्हणजे पटेल. तुझं वजन पासष्ट किलो धरू आणि पाठीवर दहा किलो, एकूण ७५. बुटाचा तळ अंदाजे ३० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. एका पायावर उभा राहिलास की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव किलो भार येतो. २५ इंच लांब आणि ८ इंच रुंद स्नोशूचे गोल कोपरे सोडले तरी अकराशेच्या आसपास चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे तोच भार सत्तर ग्रॅमच्या आत. जवळजवळ चौथा हिस्सा. कडक वाटेवर या चौथ्या हिश्शाचा काही फायदा नाही, उलट जोडीमागं दीडदोन किलो ओझं पायाला बांधून फिरायचं.

आता बुटाचं. स्पोर्ट्स शूज नको, स्नोशूलाही नको आणि मायक्रोस्पाइकलाही नको. वरचं कापड मऊ असतं, पट्टा आवळला की तो सरळ तुझ्या बोटांवर दाबतो, शिवाय अर्ध्या तासात आत पाणी. घोट्याच्या वर येणारा, पाणी न शिरणारा, तळ जरा कडक असलेला ट्रेकिंग बूट घे, आणि टाचेला मागं कड आहे का ते दुकानातच बोट लावून बघ, पुढं कधी स्नोशू घालायची वेळ आली तर पट्टा तिथंच अडकून राहतो. मोजे घालूनच माप बघ आणि बूट आत्तापासून पायात घाल. मुकुंदराजाच्या समाधीकडं खाली उतर, परत चढ, रोज तेवढं केलंस तरी निघायच्या आधी बूट पायाला ओळखायला लागेल.

नांदेडहून : शेतात पाणी द्यायला वापरतो ते गमबूट स्नोशूवर बांधले तर चालतील का? पाणी तर आजिबात आत येत नाही.

पाणी येत नाही हे खरंय, पण टाच आत वरखाली होत राहते आणि बाहेरून मागचा पट्टा त्या गुळगुळीत रबरावरून घसरून खाली येतो. सपाट जागी फोटोपुरतं ठीक. दोनतीन तास चालायचं असेल तर नको.

परभणीहून एक काका लिहितात : जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात, तर माझा मुलगा खरंच जर्मनीत आहे, म्युनिकला. सुट्टीला आल्प्सच्या बाजूला बर्फात चालायला जातो. तो म्हणतो स्नोशू घातले की अर्ध्या तासात पायाची बोटं बधिर होतात, मोज्याच्या दोन जोड्या घालतो तरी. थंडीमुळं होत असेल का?

काका, थंडी तर आहेच पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत ज्या माझ्या मते थंडीपेक्षा जास्त नडतायत, एक म्हणजे अर्धा तास आणि दुसरं म्हणजे दोन जोड्या. नुसत्या थंडीनं पाय हळूहळू गार पडतो. स्नोशू घातल्यावर लगेच बधिरपणा यायला लागला तर बहुतेक वेळा बोटांजवळचा पट्टा करकचून आवळलेला असतो. त्यानं बोटांकडं जाणारं रक्त अडतं, आणि बोटांना ऊब मिळते ती रक्तातनंच. त्यात दोन जाड मोजे घातल्यावर बुटात जागाच उरत नाही, बोटं हलत नाहीत, म्हणजे ऊब यावी म्हणून घातलेला मोजा उलट थंडी आणतो. ज्वारीच्या कडब्याची पेंढी आवळतो तसं पायाला आवळायचं नसतं हो.

त्याला सांगा, लोकरीचा एकच चांगला मोजा घाल, आत पातळ अस्तराचा पाहिजे असेल तर तोही, पण बूट त्या मापाचा पाहिजे. बुटाची नाडी पण सगळीकडं सारखी आवळू नको, बोटांकडं जरा सैल आणि घोट्याला घट्ट. बाइंडिंगचा पुढचा पट्टा बूट हलू नये एवढाच, बुटाचं नाक चेपलेलं दिसलं तर जास्त झालं. आवळून झाल्यावर आत बोटं हलवून बघायची, पाचही हलली पाहिजेत. पुढं थोडं सैल सोडलं म्हणून बूट निसटेल अशी भीती वाटते लोकांना, पण बुटाला धरून ठेवायचं खरं काम पायाच्या फुगवट्यावरचा पट्टा आणि टाचेमागचा पट्टा हे दोघं मिळून करतात, पुढच्यानं फक्त दिशा राखायची. काही बाइंडिंगला आता पट्ट्याऐवजी गोल चकती असते, ती दाबून फिरवली की आतली बारीक तार सगळीकडून आवळत येते आणि चकती बाहेर ओढली की एकदम सुटते. त्यात दाब सगळीकडं सारखा पडतो, बधिर होणाऱ्या पायाला ते बरं वाटतं, पण चकतीत बर्फ गोठला तर ती फिरत नाही, म्हणून मी स्वतः अजून रबरी पट्टेच पसंत करतो.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. बोटं बधिर होऊन पांढरीफटक पडली तर तिथंच थांबायचं, पट्टे सोडायचे, आडोशाला जाऊन पाय कुणाच्या तरी पोटाशी किंवा काखेत धरून ऊब द्यायची. चोळायचं नाही, शेकोटीपुढं धरायचं नाही, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. रंग आणि जाणीव परत आली नाही तर डॉक्टरकडं.

जालन्याहून टायर पंक्चरचं दुकान चालवणारे एक वाचक : माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला आहे. त्यानं जुन्या सामानाच्या विक्रीतनं लाकडी स्नोशू घेतले, जाळी चांगली आहे पण चामड्याचे पट्टे कुजून गेलेत. मी गमतीनं म्हटलं ट्रकच्या ट्यूबचे पट्टे कापून पाठवतो. तर खरंच तसं काही जमतं का?

मामा, तुम्ही गमतीनं म्हटलं पण तिकडं लोक खरंच हेच करतात! हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी याचंच उत्तर लिहायला घेतलं होतं. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात लाकडी स्नोशूंना जुन्या ट्यूबचं बाइंडिंग लावायची पद्धत चांगली रुळलेली आहे. रबर ताणतं म्हणून बक्कल लागत नाही, त्याच्यावर बर्फ चिकटून बसत नाही, हातमोजे न काढता घालता काढता येतं, आणि तुटलं तर पंक्चरच्या दुकानात फुकट मिळतं.

मुख्य रीत अशी. ट्यूबची आडवी कापलेली चकती घेतली की कड्यासारखा गोल पट्टा मिळतो. तो पुढच्या बाजूला रुंद ठेवायचा आणि टाचेमागं जाईल तिथं निमुळता करायचा. रुंद भागात बुटाचं नाक बाहेर येईल एवढं भोक पाडायचं. चवड्याखाली जी आडवी जाड वादी असते तिच्याशी या रबराचा खालचा भाग पक्का करायचा, मग बुटाचं नाक भोकातनं पुढं घालून मागचा निमुळता भाग ताणून टाचेवर चढवायचा. कापायच्या आधी जाड पुठ्ठ्यावर माप काढा आणि भाच्याला बूट कागदावर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारून फोटो पाठवायला सांगा, नाहीतर तुमचा अंदाज आणि त्याचा बूट जुळणार नाही. तुम्हाला रबराचं मी काय सांगावं, तरी लिहितो, भोक गोलच पाडा आणि कडेला कुठं कात्रीची टोकदार चीर राहू देऊ नका, रबर फाटतं ते तिथनंच. सायकलची पातळ ट्यूब नको, आणि उन्हानं तडे गेलेली तर अजिबात नको.

हे बाइंडिंग सपाट रानात आणि जंगलातल्या पायवाटेवर छान, पण तिरक्या उतारावर नाही, बूट बाजूला सरकायला रबर तेवढं अडवत नाही. भाचा डोंगरात जाणार असेल तर त्याला दुसरी जोडी घेऊ द्या. आणि त्या लाकडी जोडीवर कडक टाचेचे बूट घालू नको म्हणावं, ती जाळी कच्च्या चामड्याची असते, कडक टाच तिला घासून कापते. तिथले मूळ लोक हे स्नोशू मऊ चामड्याच्या पायताणावर घालायचे ते काही उगीच नाही. कच्चं चामडं ओलं झालं की ताणून लोंबतं, म्हणून जाळीला व्हार्निशचा हात मारतात.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्यूब यायच्या आधी आणि नंतरही तिकडचे शिकारी लोक कंदिलाची वात बांधायचे! गोल वात नाही, ती रुंद सपाट विणलेली सुती वात. चामड्याची वादी गोठली की लाकडासारखी कडक होते, वात त्यामानानं मऊ राहते आणि तिची गाठ सरकत नाही. आपल्या आजीनं रॉकेलच्या कंदिलात जी वर सारली तीच वस्तू तिकडं कुणाच्या पायाला बर्फात बांधलेली होती, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातनं जात नाहीये. आणि हे बांधाबांधीचं काम किती जुनं आहे म्हणाल, तर २००३ साली इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये तीन हजार मीटरच्या वर हिमनदीपाशी बर्चच्या फांदीची वाकवलेली चौकट आणि तिला दोऱ्या असा स्नोशू सापडला, तो सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्या माणसाला पण गाठ कुठं मारायची हा विचार करावाच लागला असेल.

बीडहून एक ताई : मी गुलमर्गला स्नोशू घालून चालले. पहिला अर्धा तास छान, मग पायाखाली बर्फाचे गोळे चिकटायला लागले, पाय डुगडुगायला लागला. फोटोसाठी मागं सरकले तर पडले. आणि काढताना बक्कल निघेना, गोठलेलं. हे टाळता येतं का?

तिन्ही टाळता येतात. पायाखाली गोळे बसणं म्हणजे आपल्या काळ्या रानाचाच प्रकार, पहिल्या पावसात शेतात गेलं की चपलेला मातीचे लपके बसून पाय मणाचा होतो, तसा ओलसर बर्फ लोखंडी दात्यांना बसतो. पण यात एक कारण आपल्याला सहज टाळता येण्यासारखं असतं, स्नोशू रात्री हॉटेलच्या गरम खोलीत ठेवतात आणि सकाळी तसेच बर्फावर टाकतात. गरम लोखंडावर बर्फ वितळतो, वितळलेलं पाणी परत गोठतं, आणि त्यावर मग थर चढत जातो. निघायच्या आधी अर्धा तास ते बाहेर थंड होऊ द्यायचे. कोरड्या दात्यांना आधी मेणबत्ती घासून घेतली तरी फरक पडतो. आणि चालताना काठीनं चौकटीच्या कडेला टकटक मारत राहायचं, गोळा मोठा व्हायची वाट बघायची नाही, तुमचा पाय डुगडुगला तो गोळ्यामुळंच, त्यात घोटाही जातो आणि बाइंडिंगही पिळून सैल होतं.

मागं सरकायचं नाही, कधीच नाही. ज्या स्नोशूत बूट बिजागरीवर पूर्ण मोकळा फिरतो त्यात पाय उचलला की शेपूट खाली लोंबतं, मागं पाऊल टाकलं की ते बर्फात खुपसतं आणि माणूस पाठीवर जातो. छोटी छोटी पावलं टाकत गोल वळून यायचं. काही जोड्यांत बिजागरीऐवजी ताणलेला पट्टा असतो, त्यात शेपूट पायाबरोबर वर येतं, मागं येणं थोडं सोपं जातं, पण प्रत्येक पावलाला बर्फ उडून पाठीवर पडतो.

गोठलेल्या बक्कलावर थर्मासमधलं गरम पाणी ओतायचा मोह होतो, ओतू नका, पाच मिनिटांत दुप्पट गोठतं. काठीच्या मुठीनं हळू ठोकायचं आणि हातमोज्यासकट तळवा दाबून धरायचा, बर्फ सुटतो. विणलेल्या नायलॉनच्या पट्ट्यांना हा त्रास जास्त, कारण ते पाणी पितात. पुढच्या वेळी भाड्यानं घेताना रबरी भोकाच्या पट्ट्यांची जोडी मागा, घड्याळाच्या पट्ट्यासारखी भोकं आणि खुंटी असते तशी, आणि प्रत्येक भोकाजवळ पट्टा वाकवून बघा, बारीक तडा दिसला तर ती जोडी परत.

धाराशिवहून : मी स्वतः जोडी विकत घेतलेली आहे, दर वर्षी हिमाचलला नेतो. टाचेचा नायलॉन पट्टा शिवणीत उसवलाय. बसस्टँडजवळच्या मोच्याकडनं शिवून घेऊ का नवीनच मागवू?

शिवून घ्या, बिनधास्त. बुटाचा तळ शिवणाऱ्या माणसाला हा पट्टा म्हणजे काहीच नाही. फक्त दोरा सुती नको, नायलॉनचा जाड आणि मेण लावलेला पाहिजे, आणि एकच सरळ टाका नको, चौकोन शिवून त्याच्या आत फुली मारायला सांगा म्हणजे ओढ चारही बाजूंना वाटली जाते. पट्ट्याचं टोक काडीपेटीनं हलकं जाळून घ्या, नाहीतर परत धागे निघतात. शिवणीऐवजी पट्टाच झिजून पातळ झाला असेल तर मात्र बॅग रिपेअरवाल्याकडनं त्याच रुंदीचा पट्टा बदलून घ्या. बदलायचं नाही ते बक्कल, म्हणजे दप्तराचं साधं प्लॅस्टिकचं बक्कल तिथं लावू देऊ नका, कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होऊन टचकन तुटतं.

शिवून आणल्यावर घरी बूट घालून बांधा आणि नांगरलेल्या रानात दोन चकरा मारा, ढेकळांवर, दगडावर नको कारण दात्यांची धार जाते. शेजारचे बघतील तर बघू द्या. ढेकळावर टाच बाजूला सरकली नाही तर शिवण पक्की. आणि हिमाचलला जाताना एक जादा रबरी पट्टा आणि हातभर बारीक दोरी काठीच्या मुठीखाली गुंडाळून ठेवा, बॅगेत तळाशी नको, लागते तेव्हा बर्फात बॅग उपसायला लागते.